फोटो स्कॅन करताना साइझ आणि स्केलिंग कसं ठेवायचं: घरचे जुने फोटो, पुरात भिजलेले फोटो आणि फॉर्मचे फोटो

मागच्या वर्षी मामी सांगलीवाडीहून एक फोटो घेऊन आली माझ्याकडं. आजीचा, म्हणजे तिच्या सासूबाईंचा. वर्षश्राद्धाला १२ बाय १८ ची फ्रेम करायची होती, एका दुकानातून स्कॅन करून मोठा करून पण आणला होता, आणि तो माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "अगं बघ की गं, आईंचा चेहरा असा मेण वितळल्यासारखा का झालाय? नथीतले मोती पण दिसेनात." मी मूळ फोटो हातात घेतला तर त्यात नथ एकदम स्वच्छ, मोती मोजावेत इतकी. फोटो मात्र अगदी लहान, नागमोडी कातरलेल्या कडांचा, जसे पूर्वी स्टुडिओवाले द्यायचे तसला. पट्टी लावली तर सव्वादोन इंच बाय सव्वातीन इंच. मग दुकानातली फाइल मागवून घेतली, राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या, ३३७ बाय ४८७ पिक्सेल. तिथंच सगळं कळलं. १५० डीपीआयला, म्हणजे इंचाला १५० ठिपके उचलून स्कॅन केलेला आणि मग तो १८ इंचापर्यंत ताणलेला, म्हणजे कागदावर एका इंचात जेमतेम २७ पिक्सेल आले, त्यात नथ कुठून दिसणार.

तोच फोटो मी घरी १२०० डीपीआयला स्कॅन केला, २७०० बाय ३९०० पिक्सेल मिळाले, १२ बाय १८ ला छापताना इंचाला २०० च्या वर पडले आणि नथ आली. स्कॅनर काही भारी नाही, घरातला साधाच आहे. फरक सगळा दोन रकान्यांचा होता, एक रिझोल्यूशनचा आणि एक स्केलचा. म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण आपल्याकडं सांगलीत २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर झाले, २०१९ ला तर आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, सांगलीवाडी इथल्या कितीतरी घरातले अल्बम गेले. जे वाचलेत ते एक एक करून लोक आता स्कॅन करायला लागलेत, आणि एकदा स्कॅन झालं की मूळ फोटो परत कोण काढतंय, तेच कायमचं राहतं. त्यामुळं पहिल्यांदाच नीट झालं पाहिजे.

आधी हिशोब, तो कळला की बाकी सगळं सोपं आहे

डीपीआय म्हणजे स्कॅनर फोटोच्या एका इंचातून किती ठिपके उचलतो ते. फोटो किती इंच आहे गुणिले डीपीआय म्हणजे फाइलमध्ये किती पिक्सेल येणार, एवढाच हिशोब आहे. ४ बाय ६ चा फोटो ३०० ला केला की १२०० बाय १८०० पिक्सेल. ६०० ला केला की २४०० बाय ३६००. बघा, डीपीआय दुप्पट केला पण एकूण पिक्सेल चौपट झाले, कारण रुंदी पण वाढली आणि उंची पण वाढली. म्हणून फाइल पण चौपट होते. कॉम्प्रेस न केलेल्या, म्हणजे दाबून लहान न केलेल्या टिफ फाइलमध्ये ३०० ची साडेसहा एमबीच्या आसपास, ६०० ची २६ एमबी, आणि १२०० ला केला तर शंभराच्या वर जाते. अल्बममधले दोनशे फोटो सगळेच १२०० ला करत बसलात तर वेळ पण लै जातो आणि हार्डडिस्क पण भरते, आणि बहुतेक फोटोत तेवढं मिळत पण नाही.

फोटोत तेवढं नसतं म्हणजे काय, तर लॅबमधून छापून आलेल्या साध्या कलर प्रिंटमध्ये इंचाला ३०० च्या आसपासच खरा तपशील असतो, ६०० ला केलं की जे काही होतं ते सगळं आलं असं समजायचं. त्याच्या वर गेलात तर कागदाचा पोत आणि धूळ मोठी होऊन येते. पण जुने ब्लॅक अँड व्हाइट लहान फोटो वेगळे, त्यातले बरेच थेट मोठ्या निगेटिव्हवर कागद ठेवून काढलेले असतात, काँटॅक्ट प्रिंट म्हणतात त्याला, त्यात तपशील गच्च भरलेला असतो, म्हणून आजीच्या फोटोला १२०० लावला तर फायदा झाला. भिंग असेल घरात तर भिंगातून फोटो बघा. भिंगातून बघताना नवीन काही दिसत असेल, साडीचा काठ, कानातलं, मागच्या पाटीवरचं अक्षर, तर डीपीआय वाढवायला अर्थ आहे. भिंगातून पण नुसता धूसरच दिसत असेल तर ३०० नाहीतर ६०० वर थांबा.

आता हिशोब उलटा करायचा. आधी ठरवायचं की फोटोचं शेवटी काय करायचंय. ८ बाय १२ ची प्रिंट हातात धरून बघायची असेल तर इंचाला ३०० लागतात, म्हणजे २४०० बाय ३६०० पिक्सेल पाहिजेत. १२ बाय १८ भिंतीवर लावायचा असेल तर माणूस चार-पाच फुटांवरून बघतो, २०० पुरतात, म्हणजे परत २४०० बाय ३६००च. आणि चौकात लावायचा ३ बाय ४ फुटांचा फ्लेक्स असेल तर इंचाला ७२ ने पण चालून जातं, तो होतो २५९२ बाय ३४५६. म्हणजे गंमत बघा, हातातली प्रिंट, भिंतीवरची फ्रेम आणि चौकातला फ्लेक्स तिन्हीला जवळपास तेवढेच पिक्सेल लागले, कारण जेवढं मोठं तेवढं लांबून बघतात. आता हे ३६०० पिक्सेल भागिले मूळ फोटोची लांब बाजू. आजीचा सव्वातीन इंच, ३६०० भागिले ३.२५ म्हणजे ११०८. स्कॅनरमध्ये ११०८ नसतं, त्याच्या पुढचा आकडा १२०० आहे तो घ्यायचा. झालं. ४ बाय ६ चा फोटो असता तर ३६०० भागिले ६, म्हणजे ६०० पुरला असता.

मोजायला पट्टी लागतेच, अंदाजानं करू नका. पट्टी सेंटिमीटरची असेल तर २.५४ नं भागा, इंच मिळतात.

स्केलच्या रकान्यात काय असतं

इथंच सगळ्यांचा गोंधळ होतो. झेरॉक्सच्या मशीनवर आपण टक्के बघितलेले असतात, ए४ चं ए३ करायला १४१ टक्के, ए३ चं ए४ करायला ७१ टक्के, आणि ते बरोबर पण असतं कारण तिथं कागद लगेच हातात येतो. स्कॅनिंगमध्ये कागद येत नाही, फाइल येते, आणि टक्क्यांचा अर्थ सॉफ्टवेअर असा लावतं की हा फोटो छापताना एवढ्या पट मोठा छापायचाय, म्हणून तेवढे जास्त पिक्सेल उचलूया. म्हणजे ३०० डीपीआय आणि ४०० टक्के लावलं तर स्कॅनर आतून १२०० नंच स्कॅन करतो. ३०० डीपीआय ४०० टक्के आणि १२०० डीपीआय १०० टक्के, दोन्हीत पिक्सेल सारखेच येतात, फाइलवर चिकटवलेली डीपीआयची चिठ्ठी तेवढी वेगळी असते.

हे कळलं की मोठी चूक टळते. ती चूक म्हणजे दोन्हीकडं वाढवणं. समजा सव्वादोन बाय सव्वातीनचा फोटो आहे, टार्गेट साइझ म्हणजे छापायच्या मापाच्या रकान्यात ८ बाय १२ निवडलं आणि वर रिझोल्यूशन पण १२०० ठेवलं. आता सॉफ्टवेअर म्हणतं ८ इंचात १२०० नं पिक्सेल पाहिजेत, म्हणजे ९६०० बाय १४४००, तेरा कोटींच्या वर पिक्सेल आणि फाइल चारशे एमबीच्या पुढं. त्यासाठी स्कॅनरला ४४०० च्या आसपास डीपीआयनं जावं लागतं, तेवढा खरा डीपीआय बऱ्याच स्कॅनरांत नसतोच, मग तो मधले ठिपके अंदाजानं भरतो. कॉम्प्युटर हँग होतो, अर्धा तास जातो आणि एवढं करून मोती काही जास्त दिसत नाहीत. उलट्या बाजूची चूक दुकानात झाली तशी, डीपीआय कमी ठेवून स्कॅन करायचं आणि नंतर फोटोशॉपमध्ये टक्के वाढवायचे. जे उचललंच नाही ते नंतर टक्क्यांनी येत नाही, नुसते शेजारचे रंग पसरवले जातात, तोच तो मेणासारखा चेहरा.

म्हणून माझी पद्धत अशी: स्केल कायम १०० टक्के, टार्गेट साइझ कायम ओरिजिनल, आणि जे काही वाढवायचं ते फक्त डीपीआयमध्ये. एकाच ठिकाणी वाढवलं की हिशोब डोक्यात राहतो, आणि दुसरा फायदा म्हणजे फाइलवर मूळ फोटोची खरी साइझ टिकून राहते, दहा वर्षांनी कुणी उघडली तरी कळतं की हा फोटो एवढाच लहान होता.

एपसनच्या जुन्या एपसन स्कॅन सॉफ्टवेअरमध्ये प्रोफेशनल मोडला गेलात की टार्गेट साइझ दिसतं, तिथं ओरिजिनल ठेवा, शेजारच्या अधिकच्या चिन्हावर दाबलं की स्केलचा रकाना उघडतो तो १०० ठेवा. कॅननच्या स्कॅनगिअरमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड मोडला आउटपुट रिझोल्यूशन आणि आउटपुट साइझ असं असतं, आउटपुट साइझ फ्लेक्सिबल ठेवा आणि टक्के १०० वर ठेवा, आणि खाली डेटा साइझ लिहून येते तिच्यावर लक्ष ठेवा, ती एकदम शेकड्यात गेली की समजा कुठंतरी दोनदा वाढलंय. विंडोजच्या फॅक्स अँड स्कॅनमध्ये स्केलचा प्रश्नच नाही, नुसता डीपीआयचा रकाना आहे, त्यामुळं नवख्यानं तिथून सुरू केलं तरी चालतंय. नॅप्स टू म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे त्याच्या प्रोफाइलमध्ये स्केल म्हणून १:१, १:२, १:४, १:८ असं दिसतं, तिथं १:१ च ठेवा, बाकीचे सगळे फोटो लहान करणारे आहेत.

खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. ऑप्टिकल रिझोल्यूशन लिहिलेलं असतं ते खरं, इंटरपोलेटेड किंवा एन्हान्स्ड म्हणून १९२०० वगैरे लिहितात ते अंदाजानं भरलेलं. प्रिंटर-स्कॅनर-कॉपी एकत्र असलेल्या मशीनमध्ये ऑप्टिकल बऱ्याचदा ६०० नाहीतर १२०० असतं, तुमच्या मशीनचं बघून घ्या आणि त्याच्या वर कधीच जाऊ नका.

प्रिव्ह्यू आणि चौकट

काच मऊ सुक्या कापडानं पुसा, फोटो उलटा ठेवा, कडेला एकदम चिकटवून ठेवू नका कारण कडेचा एखादा मिलिमीटर बऱ्याच मशीनमध्ये कापला जातो, बोटभर आत ठेवा. आधी प्रिव्ह्यू करा आणि मग माउसनं चौकट ओढा, फोटोच्या चारी बाजूनं थोडी काच दिसेल अशी. ऑटो क्रॉप चालू असेल तर बंद करा. नागमोडी कडांचे, पांढरी किनार असलेले फोटो ऑटो क्रॉपला कळत नाहीत, किनार म्हणजे मोकळी काच समजून ते कापून टाकतं, आणि चौकट बदलली की काही सॉफ्टवेअरमध्ये टक्के पण आपोआप बदलतात. म्हणून चौकट ओढून झाल्यावर परत एकदा स्केलच्या रकान्याकडं नजर टाका, १०० आहे ना.

ऑटो डीपीआय, ऑटो टोन, शार्पनेस हे पण बंदच ठेवते मी. फाइल टिफमध्ये सेव्ह करा, जेपेग दर वेळी सेव्ह केलं की थोडं थोडं खराब होत जातं. टिफ तिजोरीत ठेवल्यासारखी ठेवायची, व्हॉट्सअ‍ॅपला पाठवायला तिच्यातून वेगळी जेपेग काढायची. आणि लॅबला फाइल पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवू नका, तो बारीक होऊन जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह घेऊन जा. एवढा १२०० चा हिशोब करायचा आणि शेवटी व्हॉट्सअ‍ॅपनं लहान केलेली फाइल छापायची, असं मी दोन घरांत होताना बघितलंय, फार वाईट वाटतं.

स्कॅन झालं की लगेच राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, डायमेन्शन्स. तिथले आकडे तुमच्या गुणाकाराशी जुळले पाहिजेत. सव्वादोन गुणिले १२०० म्हणजे २७००, थोडं इकडं तिकडं चालतंय कारण चौकट थोडी मोठी ओढलेली असते, पण ६७५ आले असतील तर स्केल कुठंतरी २५ टक्के राहिलंय. हे फोटो काचेवर असतानाच बघा, अल्बम परत बांधून माळ्यावर ठेवल्यावर बघून उपयोग नाही.

पुरात भिजलेले फोटो

यावर जरा जास्त लिहिते कारण आपल्याकडं हेच जास्त विचारतात. फ्रेममधला फोटो भिजून काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो, भिजला की फुगतो आणि वाळताना काचेला धरतो, ओढलं की चेहरा काचेवर आणि पांढरा कागद हातात. काचेसकटच स्कॅन करा. मात्र तुमचा स्कॅनर कुठला आहे ते बघा. पातळ, हलके, यूएसबीवरच चालणारे जे असतात ते सीआयएसवाले, त्यांना फोटो काचेला अगदी टेकलेला लागतो, मध्ये अजून दोन मिलिमीटरची काच आली की चित्र धूसर. जुने जाड, वजनदार सीसीडीवाले असतात त्यांना एवढ्या अंतरानं बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. सुकून वळलेल्या फोटोंचं पण तेच, सीआयएसमध्ये उचललेला कोपरा धूसर येतो, आणि तो दाबायला म्हणून झाकणावर जोर देऊ नका, जुना थर तडकतो.

सीसीडी नसेल तर मोबाइलनं किंवा कॅमेऱ्यानं वरून फोटो काढा, खिडकीच्या उजेडात, तिरका उजेड येईल असा म्हणजे काच चमकत नाही. पण मोबाइलच्या फोटोला डीपीआय काही खरा नसतो, कॅमेरा त्यावर ७२ नाहीतर कुठला तरी आकडा लिहून टाकतो, त्यात मूळ फोटो दोन इंचाचा होता का दहा इंचाचा ते कळायला मार्ग नाही. त्यासाठी फोटोच्या शेजारी स्टीलची पट्टी ठेवून एक फोटो काढायचा. मग कॉम्प्युटरवर पट्टीचा एक इंच किती पिक्सेलमध्ये बसलाय ते मोजायचं, समजा ४१० बसले तर तुमचा खरा डीपीआय ४१०, बाकी हिशोब वर दिलाय तसाच.

एकमेकांना चिकटलेले फोटो असतील तर त्यांचं स्कॅनिंग हा नंतरचा विषय, आधी ते सोडवायला जाणकाराकडं न्या.

ए४ पेक्षा मोठा फोटो

शाळेचा, तालमीचा, लग्नाचा ग्रुप फोटो १० बाय १२ किंवा १२ बाय १५ चा असतो आणि घरचा स्कॅनर ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिमीचा. असा फोटो दोन किंवा चार तुकड्यात स्कॅन करून जोडायचा. तुकड्यांमध्ये दोन इंच तरी भाग सारखा आला पाहिजे. इथं स्केलिंगची शिस्त पाळली नाही तर जोडताना रडकुंडीला येता, कारण एक तुकडा १०० टक्क्याला आणि दुसरा फिट टू पेज मुळं ९७ टक्क्याला झाला की मधल्या रांगेतल्या माणसाचा एक खांदा दुसऱ्या खांद्याला बसतच नाही. डीपीआय एकच, स्केल १००, ऑटो टोन बंद म्हणजे उजेड पण सारखा राहतो, आणि फोटो न फिरवता सरळ सरकवायचा. ६०० ला करायची गरज नाही, एवढ्या मोठ्या फोटोला ३०० पुरतो, ग्रुपमधले चेहरे फार बारीक असतील तरच ६००.

वर्तमानपत्रातलं कात्रण, लग्नपत्रिका, दिवाळी अंकातला फोटो हे छापील असतात, ठिपक्यांची जाळी असते त्यात. ती ३०० ला स्कॅन केली की चित्रावर लाटा उमटतात. डीस्क्रीन म्हणून खूण असते ती लावा, किंवा ६०० ला स्कॅन करून नंतर अर्ध्यावर आणा.

निगेटिव्ह सापडली असेल तर फोटोपेक्षा तीच स्कॅन करा, जास्त मिळतं. पण त्याला झाकणात दिवा असलेला स्कॅनर लागतो, साध्या स्कॅनरवर निगेटिव्ह काळी येते. ३५ मिमीच्या निगेटिव्हची चौकट फक्त २४ बाय ३६ मिमी, त्यामुळं तिथं ३०० डीपीआयचा काही उपयोग नाही, ४२५ पिक्सेल मिळतील. २४०० ला केलं की ३४०० च्या आसपास येतात, त्यातून ८ बाय १२ निघतो.

परीक्षेच्या फॉर्मचा फोटो आणि सही

हे मात्र सगळं उलट, इथं मोठं करायचं नसतं, बरोब्बर लहान करायचं असतं. सांगलीत, मिरजेत परीक्षांचे फॉर्म भरणारी पोरं रात्री बारापर्यंत यातच अडकलेली असतात. आयबीपीएसच्या बँक परीक्षांचं उदाहरण घ्या: फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी, सही १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० केबी, आणि स्कॅनर कमीत कमी २०० डीपीआयला ठेवा असं त्यांच्या सूचनांमध्ये असतं. अंगठ्याचा ठसा २४० बाय २४० पिक्सेल, म्हणजे २०० डीपीआयला ३ सेंटिमीटर, हे आपल्या हिशोबाशी जवळपास जुळतं. दर जाहिरातीत अटी वाचून घ्या, बदलू शकतात.

गडबड फोटोत होते. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिमी असतो, आणि २०० बाय २३० चं प्रमाण ते नाही. ३५ मिमी रुंदीला २०० बाय २३० च्या हिशोबानं उंची ४० मिमीच्या जरा वर येते. मग पोरं काय करतात, रिसाइझमध्ये २०० आणि २३० टाकतात आणि प्रमाण टिकवायची खूण काढून टाकतात, की झाला चेहरा चपटा आणि रुंद. त्यापेक्षा आधी खालून पाच मिलिमीटरच्या आसपास कापा, शर्टाचा भाग जाईल, चेहऱ्याला धक्का नाही, आणि मग प्रमाणाची खूण ठेवून रिसाइझ करा. इरफान व्ह्यू या सॉफ्टवेअरमध्ये प्रिझर्व्ह आस्पेक्ट रेशो म्हणून असते ती खूण. स्कॅन ३०० ला करा, ३५ बाय ४५ चे ४१३ बाय ५३१ पिक्सेल येतात, त्यातून लहान करायला जागा राहते.

सहीला कागदावर ७ सेंटिमीटर बाय ३ सेंटिमीटरचा चौकोन पेन्सिलीनं हलका आखा, त्याचं प्रमाण १४० बाय ६० शी जुळतं, त्यात काळ्या पेननं चौकोन भरून सही करा, चौकोनाच्या आतून कापा, रिसाइझ करा, ताणायची वेळच येत नाही. आणि केबी बसवायच्या असतील तर आधी पिक्सेल बसवा, मग जेपेगची क्वालिटी कमी-जास्त करून केबी बसवा. उलट्या क्रमानं केलं की चेहऱ्यावर चौकोनी चौकोनी डाग येतात आणि फोटो तरी पण बसत नाही.

छापताना

स्कॅन बरोबर झालं तरी छापताना प्रिंटरच्या खिडकीत फिट टू पेज नाहीतर श्रिंक टू फिट असं आपोआप लागलेलं असतं. खरी साइझ पाहिजे असेल तर अ‍ॅक्चुअल साइझ किंवा १०० टक्के निवडा. बॉर्डरलेस निवडलं की प्रिंटर चित्र थोडं मोठं करून कडा बाहेर टाकतो, म्हणून पासपोर्ट फोटोची शीट छापताना बॉर्डरलेस नको, ४ बाय ६ च्या कागदावर ३५ बाय ४५ चे आठ बसतात पण बॉर्डरलेस लावलं की प्रत्येकाची साइझ हलते. खात्री करायची असेल तर स्टीलची सहा इंची पट्टीच ३०० ला स्कॅन करा, सहा इंचाचे १८०० पिक्सेल आले का बघा, मग तेच १०० टक्क्यानं छापा आणि छापलेल्या पट्टीवर खरी पट्टी ठेवा. रेघेला रेघ बसली की तुमचा स्कॅनर, सॉफ्टवेअर, प्रिंटर तिघांचीही सेटिंग बरोबर आहेत. मी नवीन प्रिंटर आणला की पहिलं काम हेच करते.

लॅबला देताना प्रमाण पण सांगा. जुने फोटो २ बाय ३ च्या प्रमाणात नसतात, काही तर चौरस असतात, आणि लॅबच्या १२ बाय १८ ला भरायला मशीन कडा कापतं. आजीच्या फोटोत तसं झालं असतं तर डावी-उजवी कड गेली असती, म्हणून मी आधीच सांगितलं की कापू नका, वर-खाली पांढरी पट्टी राहिली तरी चालेल.

फोटोची मागची बाजू पण स्कॅन करा. तिला ३०० डीपीआय ग्रे पुरतं, स्केल अर्थात १०० च. आजीच्या फोटोच्या मागं स्टुडिओचा पुसट गोल शिक्का आहे आणि खाली निळ्या शाईत तिच्या भावानं लिहिलंय, "ताई, लग्नाआधी." मामीला पन्नास वर्षं घरात असून ते माहीत नव्हतं, तिनं त्याची पण प्रिंट मागून घेतली आणि फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवली.